कारकून क्लेर्क आणि त्याचे कोळी

आपल्या मासिकांत खतें, बियाणें, पाटाचें पाणी, जनावरांचे रोग आणि सोसायटीचें कर्ज या विषयांवर नेहमीं लेख येतात, व ते उपयोगीही पडतात. पण ज्या प्राण्याचीं जाळीं पहाटे दंवानें भरलेलीं आपण रोज बांधावरून पाहतों, आणि वाटेंत आलीं म्हणजे काठीनें झाडून टाकतों, त्या कोळ्याविषयीं चार ओळी आलेल्या माझ्या तरी स्मरणांत नाहींत. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. मराठी सातवीपर्यंतचें शिक्षण, त्यानंतर महसूल खात्यांत कारकुनी, आणि आतां पेन्शन घेऊन वडिलोपार्जित दोन एकर भाताची शेती, एवढीच माझी शिदोरी. तेव्हां या विषयावर लिहिण्याचें धाडस कां केलें तें आधीं सांगितलें पाहिजे. कारण त्याच्या मुळाशीं माझी स्वतःची एक चूक आहे.

नोकरी संपल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यांत, लावणी होऊन महिना लोटला असतां, माझ्या खाचरांत जिकडे तिकडे कोळी दिसूं लागले. चुडांच्या बुडाशीं करड्या रंगाचे, चपळ, पाण्यावरूनही धांवत जाणारे. आणि वर पानांच्या टोकांमध्यें आडव्या जाळ्यांत पाय ताणून बसलेले लांबट, काडीसारखे. त्याच सुमारास शेजारच्या मळ्यांत वांग्यांवर ‘कोळी पडला’ अशी ओरड चालू होती. मीं दोहोंची सांगड घातली, तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत गेलों आणि ‘भातावर कोळी पडला आहे, औषध द्या’ म्हणून सांगितलें. दुकानदारानें शेत पाहिलें नव्हतें. त्यानें माझ्या शब्दावर विसंबून कोळीनाशक दिलें, आणि जोडीला सर्व किडींवर चालतें म्हणून दुसरें एक जहाल औषध दिलें. मीं दोन्हीं फवारलीं. तीन दिवसांत खाचर निर्मळ झालें. कोळी औषधालाही उरला नाहीं. मला मोठें समाधान वाटलें.

पुढें पीक पोटरींत आलें तेव्हां खाचराच्या मध्यभागीं परातीएवढे पिवळे चट्टे पडले. चूड बाजूस सारून पाहतों तों बुडाशीं तपकिरी तुडतुड्यांची नुसती दाटी. पंधरवड्यांत चट्टे खळ्याएवढे झाले, पीक आगीनें होरपळल्यासारखें वाळलें, आणि त्या वर्षीं घरच्या खाण्यापुरतें भातही हातीं लागलें नाहीं. शेजारच्या एका खातेदारानें, आळसानें म्हणा कीं पैशाच्या अडचणीनें म्हणा, कांहींच फवारलें नव्हतें. त्याच्या खाचरांत तुडतुडे होते, पण चट्टे नव्हते.

माझा पुतण्या कृषि महाविद्यालयांत शिकतो. तो दिवाळीस घरीं आला तेव्हां मीं त्यास ही सर्व हकीकत सांगितली. त्यानें कपाळावर हात मारला. म्हणाला, “काका, वांग्यावरचा कोळी निराळा आणि भातांतला कोळी निराळा. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फांशी दिलीत.”

मग त्यानें मला समजावून सांगितलें, तें माझ्यासारख्या इतरांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों. पिकावर ‘लाल कोळी’ म्हणून जी कीड येते ती सुईच्या टोंकाएवढी. पानाच्या खालच्या अंगास राहून ती रस शोषते, आणि तिचेंही बारीक जाळें पानावर दिसतें. तिला पाय आठ आणि खऱ्या कोळ्यासही पाय आठ. म्हणून कोणी तरी दोघांस एकच नांव देऊन टाकलें. दोघांचें कूळ दूरचें एक आहे खरें, पण लाल कोळ्याचें शरीर सबंध एका गोळीसारखें असतें, आणि खऱ्या कोळ्याचे पुढचा व मागचा असे दोन भाग असून मध्यें बारीक कंबर असते. किडे सहा पायांचे, म्हणून कोळी हा किडाही नव्हे. आणि मुख्य गोष्ट ही कीं, जगांतील एखादा अपवाद सोडला तर खरा कोळी झाडपाल्यास तोंड लावीत नाहीं. तो किडे खाऊन जगतो.

नांव एक आणि जीव दोन, एवढ्यावरून माझें वर्ष बुडालें. ज्या माणसानें तीस वर्षें नोंदवह्यांत घालविलीं त्यास ही गोष्ट फार झोंबली. एकाच गांवांत एकाच नांवाचे दोन खातेदार असले, आणि नोंद करतांना बापाचें नांव गाळलें, तर एकाची थकबाकी दुसऱ्याच्या गळ्यांत पडते, हें आम्हां कारकुनांस पुरतें ठाऊक. तोच प्रकार माझ्याच खाचरांत माझ्याच हातून घडला होता.

पुतण्याजवळ कोळ्यांविषयीं एक पुस्तक होतें. त्यांत प्रत्येक जातीचें लॅटिन नांव, त्यापुढें तें नांव देणाऱ्याचें नांव, व शेवटीं साल, असा क्रम होता. पानें चाळतांना मला एकच शेरा पुनः पुनः दिसूं लागला : क्लेर्क, १७५७. क्लेर्क, १७५७. मीं विचारलें, “हा कोण रे क्लार्क?” पुतण्या हंसला आणि म्हणाला, “क्लार्कच होता तो, काका. तुमच्यासारखाच.” तेव्हांपासून या गृहस्थाची माहिती मिळेल तेथून मी गोळा करीत आलों.

कार्ल अलेक्झांडर क्लेर्क याचा जन्म १७०९ सालीं स्वीडन देशांत झाला. घराणें लहानशा सरदारांपैकीं, पण सरदारकी नांवाची, पैसा बेताचाच. १७२६ सालीं तो उप्साला येथील विद्यापीठांत दाखल झाला. तेथें तो काय शिकला याची फारशी नोंद नाहीं. परंतु पैशाच्या ओढगस्तीमुळें त्यास शिक्षण अर्धवट टाकून सरकारी नोकरी धरावी लागली, आणि पुढें स्टॉकहोम शहराच्या कारभारांत त्याचें आयुष्य गेलें. आपल्याकडील किती तरी घरांत घडलेली ही गोष्ट आहे. हुशार मुलगा, बापाची ऐपत थोडी, आणि मग कोठल्या तरी कचेरींत चिकटणें.

तिसाव्या वर्षीं मात्र एक गोष्ट घडली. १७३९ सालीं स्टॉकहोममध्यें लिनीअस याचें एक व्याख्यान झालें, तें क्लेर्कनें ऐकलें. लिनीअस हा त्याच्याहून अवघ्या दोन वर्षांनीं मोठा. पुढें साऱ्या जगांतील वनस्पती व प्राणी यांस नांवें देण्याची पद्धत घालून देणारा म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्या व्याख्यानानें क्लेर्कच्या मनांत सृष्टीच्या अभ्यासाची गोडी उत्पन्न झाली. पुष्कळांस व्याख्यान ऐकून हुरूप येतो आणि घरीं पोंचेपर्यंत तो ओसरतो. क्लेर्कचा हुरूप अठरा वर्षें टिकला.

या अठरा वर्षांत त्यानें कोळी गोळा केले, त्यांचीं वर्णनें लिहिलीं, त्यांचे वर्ग लावले. नोकरी सुटली नव्हती. तो देश उत्तरेकडील, हिवाळा लांब आणि बर्फाचा, कोळी दिसावयाचे ते उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत. फुलपांखरें गोळा करणारास लोक निदान रसिक म्हणतात. जळमटांत हात घालणाऱ्या कारकुनास काय म्हणत असतील तें वाचकांनींच ओळखावें. येथें माझें एक कबूल करून टाकतों. पीकपाहणीचे तक्ते मागील सालावरून जसेच्या तसे उतरवून काढल्याचा अपराध माझ्या हातून एकदां नव्हे, अनेकदां घडला आहे. गटांत नाचणी आहे कीं वरी, हें बांधावर जाऊन पाहण्यास अर्धा दिवस लागला असता. तो अर्धा दिवस मीं दिला नाहीं. क्लेर्क हाही नोंदी करणाराच होता, पण ज्याची नोंद करावयाची तो प्राणी त्यानें आधीं स्वतः पाहिला.

१७५७ सालीं त्याचें पुस्तक स्टॉकहोम येथें लार्स सॅल्व्हिअस याच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. नांव ‘स्वेन्स्का स्पिन्दलार’, म्हणजे ‘स्वीडनचे कोळी’. मजकूर दोन भाषांत आहे : पंडितांसाठीं लॅटिन आणि घरच्यांसाठीं स्वीडिश. ही गोष्ट मला विशेष आवडली. त्या काळीं शास्त्राचें पुस्तक म्हणजे लॅटिनच असावयाचें. पण क्लेर्कनें आपल्या लोकांची भाषा सोडली नाहीं, त्यामुळें ज्यास लॅटिन येत नाहीं अशा त्याच्या देशबांधवासही आपल्या अंगणांतला कोळी कोणता हें त्यांत पाहतां आलें. शेवटीं चित्रांचीं सहा पानें आहेत.

या पुस्तकांत साठांहून अधिक जातींचे कोळी वर्णिले आहेत. त्यापूर्वीं कोळ्यांवर कोणी लिहिलेंच नव्हतें असें नाहीं. इंग्लंडांत मार्टिन लिस्टर नांवाच्या वैद्यानें १६७८ सालींच आपल्या देशांतील कोळ्यांचें चांगलें वर्णन केलें होतें. पण तेव्हां एखाद्या प्राण्याचें नांव म्हणजे एक सबंध वाक्यच असे. अमुक रंगाचा, तमुक ठिपक्यांचा, अशा जागीं राहणारा कोळी, असें. तें लक्षांत राहावें कसें, आणि दोघां माणसांनीं एकाच जीवाविषयीं बोलावें कसें? लिनीअसनें १७५३ सालीं वनस्पतींस दोन शब्दांचीं नांवें दिलीं, म्हणजे एक कुळाचें आणि एक स्वतःचें, जसें आपलें आडनांव आणि नांव. प्राण्यांस तीच पद्धत त्यानें सरसकट लावली ती १७५८ सालीं, आपल्या मोठ्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत. आणि क्लेर्कनें आपल्या सर्व कोळ्यांस दोन शब्दांचीं नांवें देऊन टाकलीं होतीं एक वर्ष आधीं! गुरूच्या पद्धतीनें शिष्य गुरूच्या पुढें गेला. गंमत अशी कीं, दहावी आवृत्ति छापली गेली तीही त्याच सॅल्व्हिअसकडे.

येथून पुढची हकीकत कचेरींत बसलेल्या माणसास चवीची वाटेल. प्राण्यांच्या नांवांबाबत जगभरच्या शास्त्रज्ञांनीं एक कायदा केला आहे. एकाच प्राण्यास दोघांनीं दोन नांवें दिलीं असतील तर ज्याची नोंद आधींची त्याचें नांव खरें धरावयाचें. पण आधींची म्हणजे कोठपासून? सीमा घालणें भाग होतें. ती लिनीअसच्या दहाव्या आवृत्तीवर घातली, आणि तिची तारीख १ जानेवारी १७५८ धरली. त्यापूर्वींचीं नांवें विचारांत घ्यावयाचीं नाहींत. मग क्लेर्कचें काय? त्याचें पुस्तक सीमेच्या अलीकडे पडत होतें. सरळ कायदा लावला तर अठरा वर्षांची मेहनत बाद! तेव्हां विसाव्या शतकांत शास्त्रज्ञांनीं एक तोड काढली. क्लेर्कचें पुस्तक जरी १७५७ सालीं छापलें असलें तरी तें १ जानेवारी १७५८ रोजीं प्रसिद्ध झालें असें समजावें, आणि त्याच दिवसाच्या लिनीअसच्या नांवांहून क्लेर्कच्या नांवांचा हक्क आधींचा मानावा. सीमेपूर्वींच्या ग्रंथांपैकीं अशी सवलत एवढ्या एकाच ग्रंथास मिळाली आहे. म्हणजे जगांतील प्राण्यांच्या साऱ्या नोंदवहीचें पहिलें पान उघडलें तर वरच्या ओळींत वाघ नाहीं, सिंह नाहीं, माणूसही नाहीं. तेथें कोळी बसले आहेत, आणि त्यांखालीं सही आहे ती पदवी न मिळालेल्या एका सरकारी नोकराची.

आणखी एक बारकावा. क्लेर्कनें आपल्या सर्व कोळ्यांस ‘अरॅनिअस’ हें एकच कुळाचें नांव दिलें होतें. पुढील शास्त्रज्ञांनीं त्यांतील बहुतेक निरनिराळ्या कुळांत वांटले. पण जात दुसऱ्या कुळांत गेली तरी तिचें स्वतःचें नांव बदलत नाहीं, आणि पहिल्या नोंदकर्त्याचें नांव कंसांत घालून कायम ठेवितात. जमिनीची फोड होऊन नवे गटनंबर पडले तरी जुना सर्व्हे नंबर आपण दाखवितों ना, तसेंच तें. क्लेर्कचें नांव कंसाबाहेर असलें तर समजावें कीं त्यानें घातलेलें कूळ अजून टिकून आहे. कंसांत असलें तर बदललें आहे.

त्याच्या वर्गवारींतही पाहणाऱ्याचा डोळा दिसतो. हवेंत राहणारे आणि पाण्यांत राहणारे, असे त्यानें मोठे भाग केले. हवेंतल्यांत जाळें विणणारे आणि न विणणारे. विणणाऱ्यांत चाकासारखें उभें जाळें घालणारे, वेडेंवांकडें घालणारे आणि कापडासारखें दाट विणणारे. न विणणाऱ्यांत लांडग्यासारखे धांवणारे, उडी मारणारे आणि खेकड्यासारखे तिरपे चालणारे. आजचे शास्त्रज्ञ याहून पुष्कळ खोल जातात. पण शेतकऱ्यानें बांधावर उभें राहून कोळ्यांकडे पाहिलें तर त्यास आजही प्रथम हेच भेद दिसतील.

त्यानें नांवें दिलेल्या कोळ्यांपैकीं दोघां-तिघांची ओळख करून देतों. युरोपांतील बागांतून एक मोठा कोळी असतो, त्याच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची फुलीसारखी आकृति असते. क्लेर्कनें त्याचें नांव ‘अरॅनिअस डायाडेमेटस’, म्हणजे मुकुट घातलेला, असें ठेविलें. तें आजतागायत कंसाशिवाय चालू आहे. या जातीचे कोळी जुनें जाळें खाऊन टाकतात आणि त्याच मालावर नवें विणतात. रेशीम वायां जाऊं देत नाहींत.

दुसरा पाण्यांतला. संथ तळ्यांत पाणवनस्पतींच्या मध्यें तो रेशमाचा एक पडदा ताणतो, वर येऊन पोटावरच्या केसांत हवेचा बुडबुडा धरतो, आणि तो खालीं नेऊन पडद्याखालीं सोडतो. अशा खेपा करतां करतां घंटेसारखें हवेनें भरलेलें घर तयार होतें. त्यांतच तो राहतो, खातो, अंडीं घालतो. जवळ जवळ सारें आयुष्य पाण्याखालीं काढणारा कोळी एवढा एकच. त्यासही नांव क्लेर्कचेंच, आतां कंसांत.

तिसरा खेकड्यासारखा, फुलांवर दबा धरून बसणारा. पांढऱ्या फुलावर पांढरा, पिवळ्यावर नेला तर कांहीं दिवसांत पिवळा. हा मधमाशाही धरतो, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. कोळी हा आपल्या पगारावरचा गडी नव्हे. त्याच्या तावडींत सांपडेल तें तो खातो. त्यांत आपला शत्रु बहुत वेळां असतो, इतकेंच.

आतां लांडगे. क्लेर्कनें या धांवऱ्या कोळ्यांच्या कित्येक जातींस नांवें दिलीं. त्यांतल्या एकीस, ती पाण्यावरून धांवत शिकार करते म्हणून, ‘चांचा’ असें नांव दिलें. माझ्या खाचरांतला करडा कोळी याच घराण्यांतला. त्याच्या जातीचें नांव १९०६ सालचें, बोझेनबर्ग व स्ट्रान्ड या दोघांनीं जपानांतील कोळ्यांवरील ग्रंथांत दिलेलें. पण तो ज्या घराण्यांत बसला त्याचे पहिले ओळखीचे चेहरे क्लेर्कनेंच टिपून ठेविले होते. याची मादी अंड्यांची गोल पिशवी पाठीमागें चिकटवून हिंडते, आणि पिल्लें बाहेर पडलीं म्हणजे तीं सारीं तिच्या पाठीवर चढून बसतात. मीं त्या पहिल्या पावसाळ्यांत अशा पिशव्या पाहिल्या होत्या. ती किडीचीं अंडीं समजून फवाऱ्याचें नळकांडें त्यांच्यावर जरा अधिक वेळ धरलें होतें.

भातावर ज्यांनीं फार वर्षें काम केलें ते सांगतात कीं, या जातीचा मोठा कोळी दिवसास ५ ते १५ भक्ष्यें मारतो, आणि त्यांत तुडतुडे हें त्याचें आवडतें खाणें. पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. लावणीनंतर खाचरांत कीड अशी फारशी नसतेच. तेव्हां चिखलांतील कुजक्या पाल्यावर वाढणारीं बारीक चिलटें निघतात. तीं पिकाचें कांहीं बिघडवीत नाहींत. कोळी बांधावरून आंत उतरतात आणि त्या चिलटांवर पोसून आपली संख्या वाढवितात. पुढें तुडतुडे येतात तेव्हां पहारा आधींच बसलेला असतो. लावणीनंतरच्या पहिल्या महिना-सव्वामहिन्यांत जो फवारा मारतो तो चोर येण्यापूर्वींच पहारेकऱ्यास मारतो. मागाहून तुडतुडे बाहेरून उडत येतात, भराभर अंडीं घालतात, आणि त्यांस अडविणारा कोणी राहिलेला नसतो. माझे परातीएवढे चट्टे कोठून आले तें मला हें वाचल्यावर कळलें. हा अनुभव एकट्या माझा नव्हे. इंडोनेशियांत हेंच देशभर घडलें, आणि १९८६ सालीं तेथील सरकारनें भातावर वापरण्याचीं ५७ कीटकनाशकें एकदम बंद केलीं.

२०१७ सालीं युरोपांतील दोन शास्त्रज्ञांनीं हिशेब मांडला कीं, जगांतील सारे कोळी मिळून वर्षास ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पण निम्म्यानें चूक धरली तरी आंकडा लहान होत नाहीं. आणि क्लेर्कनें साठ-सत्तर जातींनीं सुरू केलेली नोंद २०२२ सालीं पन्नास हजारांच्या वर गेली. ती स्वित्झर्लंडमधील बर्न शहराच्या संग्रहालयांत एकत्र ठेविली जाते.

आपल्या देशाची नोंद पुष्कळ उशिरां सुरू झाली. इंग्रजी अमलांत पोकॉक यानें १९०० सालीं हिंदुस्थानांतील कोळी व विंचू यांवर एक ग्रंथ लिहिला. तें काम आपल्या माणसांच्या हातीं आलें तें बिनय कृष्ण टिकादर (१९२८–१९९४) यांच्या काळीं. ते बंगाली; परंतु भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुणें येथील केंद्रांत त्यांनीं बरींच वर्षें काम केलें, आणि पुढें त्या संस्थेचे संचालक झाले. भारतांतील कोळ्यांवर त्यांचे १९८० व १९८२ सालीं निघालेले दोन ग्रंथ आहेत. पहिल्यांत खेकड्यासारखे व लांडग्यासारखे, दुसऱ्यांत चाकासारखें जाळें विणणारे वगैरे. ज्यांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत त्यांनीं तीं पुस्तकें मुलांकरवीं पाहावींत. भाषा इंग्रजी आहे, पण आकृत्यांस भाषा लागत नाहीं.

तूर, ज्वारी किंवा कुंपणाच्या झुडपांत पावसाळ्याच्या अखेरीस मोठें उभें जाळें घालून, त्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली काढून बसलेली पिवळ्या पट्ट्यांची कोळीण आपण सर्वांनीं पाहिली आहे. कोणी तरी सही ठोकावी तशी ती फुली दिसते. ती ज्या मोठ्या कुळांतली, त्या साऱ्या कुळाच्या नांवापुढें शास्त्रज्ञ आजही लिहितात : क्लेर्क, १७५७.

कोळ्यांनंतर त्यानें फुलपांखरांचें काम हातीं घेतलें. स्वीडनची राणी लोविसा उल्रिका हिच्या संग्रहांत देशोदेशींचीं फुलपांखरें होतीं, त्यांचीं चित्रें करून तो तीं भागाभागानें छापूं लागला. तें काम पुरें झालें नाहीं. २२ जुलै १७६५ रोजीं तो वारला. वय पंचावन्न-छपन्न, म्हणजे आज माझें आहे त्याच्या आगेंमागें.

त्या नुकसानीनंतर माझ्या शेतांतील पद्धत मीं थोडी बदलली आहे. बांधावरचें गवत मुळापासून खरवडून काढीत नाहीं. कापणीनंतर पेंढ्याचे चार-सहा भारे बांधाच्या कडेस पडूं देतों, त्यांत कोळी उन्हाळा काढतात. लावणीपासून दर आठ दिवसांनीं खाचरांत तिरपें चालत जाऊन वीस चूड हातानें वांकवून पाहतों, आणि वहींत दोन रकाने भरतों : तुडतुडे किती, कोळी किती. चुडामागें तुडतुडे ५ ते १० च्या आंत असतील आणि कोळी हिंडत असतील तर औषधाचा विचार करीत नाहीं. त्याहून वाढले तर कृषि सहायकास बोलावून त्यास शेत दाखवितों, शब्द सांगत नाहीं. वांग्यावर किंवा मिरचीवर ‘कोळी’ आला म्हणून कोणी सांगितलें तर आधीं पान उलटें करून, भिंग लावून, कंबर आहे कीं नाहीं तें पाहतों.

काल पहाटे वीस चुडांत मिळून एकोणीस करडे कोळी भरले, त्यांपैकीं तिघींच्या मागें पिशव्या होत्या. तुडतुडे चुडास दोन-तीन. फवाऱ्याचा पंप माळ्यावरच आहे.